हिरवळ राखणाऱ्यांना मराठीतून शिक्षण मिळावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिककरांना गोल्फ हा शब्द परका नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला आजही निम्मे गाव ‘गोल्फ क्लब’ म्हणूनच ओळखते, जरी तिथे आता रणजीचे क्रिकेट सामने होतात आणि सकाळ-संध्याकाळ माणसे फेऱ्या मारतात. हे पत्र मात्र त्या खेळाविषयी नसून खेळाखालच्या गवताविषयी आणि ते राखणाऱ्या माणसांविषयी आहे. कृषी पदवी घेतल्यावर माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे महाराष्ट्रातल्या गोल्फ मैदानांवर हिरवळीची देखभाल करण्यात गेली. निवृत्तीनंतर नाशिकला परतलो, तरी या कामात मागे राहिलेली एक उणीव मला सतत टोचत असते. ज्यांच्या हातावर ही मैदाने उभी आहेत, त्या माळ्यांना हे काम शिकण्यासाठी मराठीत फारसे काही उपलब्ध नाही.

हे काम काय आहे ते आधी सांगायला हवे, कारण बहुतेकांना ते पाणी घालणे आणि गवत कापणे एवढेच वाटते. ज्या हरळीच्या काशा आपला शेतकरी वेचून वेचून बांधावर फेकतो आणि जिच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो, तिच्याच संकरित जाती गोल्फच्या मैदानावर लावतात. टिफड्वार्फ, टिफवे ही त्यांची नावे अमेरिकेतल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रावरून पडली आहेत. ग्रीनवरचे, म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्या भोवतालच्या गुळगुळीत हिरवळीवरचे, गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर, बहुधा रोज कापावे लागते. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार बांधलेल्या ग्रीनखाली सुमारे १० सेंटिमीटर खडीचा आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळूमिश्रित थर असतो. त्यामुळे पावसाचे पाणी झटकन निचरते, पण खतही धरून राहत नाही, आणि युरियाचा हात जरा जड पडला की गवत करपते. १८ होलच्या मैदानातल्या सगळ्या ग्रीनचे क्षेत्रफळ जेमतेम दोन-तीन एकर भरते, पण पूर्ण खेळासाठी धरलेल्या ७२ फटक्यांच्या हिशेबातले ३६ फटके तिथेच मारायचे असतात.

मी नोकरीत नवा असताना एका वयस्क माळीकाकांनी मला मशिनची धार तपासायला शिकवले. रील मोअर बंद करून त्यांनी वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फिरते पाते आणि खालची स्थिर पट्टी यांच्या मध्ये धरली आणि रील सावकाश हाताने फिरवले. डाव्या टोकाला कागद स्वच्छ कापला गेला, मध्यावरही कापला गेला, उजव्या टोकाला मात्र तो नुसताच दुमडून चिमटला. काकांनी त्या बाजूचा नट किंचित आवळला आणि पुन्हा कागद धरला. गवत कापले न जाता फाटले, की दुपारपर्यंत त्याची टोके पांढुरकी दिसू लागतात आणि त्याच जखमांवाटे बुरशीला आत शिरायला वाट मिळते, हे मी पुढे पुस्तकात वाचले. काकांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते. त्यांना लिहिता येत नव्हते आणि त्यांचे सांगणे लिहून घेण्याची व्यवस्था कोणी केली नव्हती. ते घरी बसले तेव्हा त्यांची ३० वर्षांची समज त्यांच्याबरोबरच गेली.

दुसरी आठवण मला अधिक बोचते. एका मैदानावर (त्याचे नाव इथे सांगत नाही) परदेशी खताच्या पोत्यावर हजार चौरस फुटांना किती पौंड टाकायचे, ते इंग्रजीत छापलेले होते. हजार चौरस फूट म्हणजे जवळपास एक गुंठा, हा त्या तरुण माळ्याचा हिशेब अगदी बरोबर होता. फक्त पौंडाला त्याने किलो धरले आणि खत दुपटीहून जास्त पडले. तीन दिवसांत ग्रीनवर तपकिरी पट्टे उमटले. त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी कामावरून काढले. ते पोते त्याला समजावून देणे हे माझे काम होते आणि माझी नोकरी शाबूत राहिली. ठेकेदाराच्या हजेरीपटावर अशा कामगाराची नोंद बहुधा ‘अकुशल’ म्हणून होते, हेही मला तेव्हापासून खटकत आले आहे.

भारतात गोल्फ नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा आहे. तिकडे अमेरिकेत १९२६ मध्ये ६० ग्रीनकीपर एकत्र आले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पेन स्टेट विद्यापीठात १९५७ पासून हिरवळ व्यवस्थापनाचा खास अभ्यासक्रम चालतो. आपल्याकडे मैदानांची संख्या कमी म्हणून हे जमणार नाही, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही.

एकमेकांना शिकवत राहिले तर काय घडते, हे नाशिक जिल्ह्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांची धास्ती असते तेव्हा आमचे द्राक्ष बागायतदार एकमेकांच्या प्लॉटवर जमतात, पान उलटून बघतात, कोणी काय फवारले ते उघड बोलतात. द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रे आणि पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ यांचा आधार त्यांना आहे. हिरवळीचे शत्रूही आपल्या ओळखीचेच आहेत: हुमणी, लव्हाळा, सूत्रकृमी. निफाडला पारा उतरला की हरळी पिवळी पडते. ती मेलेली नसून थंडीने सुप्त झालेली असते. हे ठाऊक नसलेला माणूस पाणी आणि युरिया वाढवत राहतो, आणि दोन्ही वाया जातात.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, त्यासाठी पाणी आणि विद्यापीठाचा वेळ कशाला, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि त्यातली पाण्याची चिंता रास्तच आहे. पण पाणी वाचते ते जाणत्या माणसामुळेच. रोज संध्याकाळी थोडे थोडे पाणी शिंपडले की मुळे वरच राहतात आणि रात्रभर ओल्या राहिलेल्या गवतावर बुरशी येते; तेच पाणी पहाटे, दिवसाआड आणि खोलवर दिले तर मुळे खाली जातात. हे ज्ञान गोल्फपुरते मर्यादित नाही. शहरातली क्रिकेटची व शाळांची मैदाने आणि लग्नाची असंख्य लॉन्स राखणारी माणसेही हेच काम करतात.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे आणि नोकरी करणाऱ्या माणसाला मराठीतून शेतीविषयक शिक्षण देण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. हिरवळ व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम विद्यापीठाने सुरू करावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. त्यात गवताच्या जाती, मशिनची निगा, निचरा, रोग-किडी यांच्याबरोबर पौंड, किलो, गुंठा आणि चौरस मीटर यांचा हिशेब आवर्जून असावा. लिहिता-वाचता न येणाऱ्या जुन्या माळ्यांना प्रात्यक्षिकासाठी मानधन देऊन बोलवावे. पुणे-मुंबईच्या गोल्फ मैदानांनी आपल्या माळ्यांना त्यासाठी भरपगारी रजा द्यावी, आणि महिन्यातून एकदा आळीपाळीने एकेका मैदानावर सर्वांनी जमावे.

माझ्याकडे १४ वर्षांच्या नोंदवह्या आहेत. कापणीची उंची, पाऊस, खताची मात्रा, कोणत्या ग्रीनवर कोणता रोग कधी आला, हे सगळे मी त्यांत मराठीत लिहून ठेवले आहे. करपलेल्या त्या ग्रीनची पानेही त्यांत आहेत. अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांना या वह्या द्यायला आणि कागदाची पट्टी घेऊन पहिला तास घ्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त हिरवळ व्यवस्थापक
गंगापूर रोड, नाशिक