सूप टाकून देऊ नकोस

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा बाबांच्या साखरेवरच बोलून फोन ठेवला. म्हणून पत्र लिहितेय. मी हरारेची नोकरी घेतली आहे. झिम्बाब्वेत, तीन वर्षांसाठी. सही झाली. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही लगेच 'जा' म्हणाला असतात आणि रात्रभर जागे राहिला असतात.

बाबा, पुण्यातली ओपीडी चांगली चालली असताना हे कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यापर्यंत जी बाई पोचते तिच्याकडे रिक्षाचे पैसे असतात आणि सोबतीला कुणीतरी असतं. जी पोचतच नाही, तिच्यासाठी काय करायचं यावरच मला काम करायचं आहे. गोव्यातल्या बाळंतिणींचा एक अभ्यास २००२ साली छापून आला. सहा ते आठ आठवड्यांनी तपासल्या तेव्हा २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. बहुतेकींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. कारणं तुम्हाला नवीन नाहीत: गरिबी, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगी झाली म्हणून.

आई, तो अभ्यास वाचताना धाकटी मावशीच डोळ्यांपुढे होती. दुसरीच्या वेळी ती आपल्याकडे आली होती तेव्हा सगळे तिला 'खा, झोप, देवाचं नाव घे' सांगत होते. तू मात्र काहीच सांगितलं नाहीस. मागच्या ओट्यावर तिच्याशेजारी बसून तांदळाने भरलेलं सूप तिच्यापुढे सरकवायचीस. एका कडेने ती खडे वेचायची, दुसऱ्या कडेने तू. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती बोलायला लागली. मी दाराआड होते. बोलणं कळलं नाही, पण तुझी बोटं तांदळात तशीच थांबली होती, ती अजून दिसतात.

हरारेच्या म्बारे वस्तीत डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६ साली चौदा आज्यांना हाताशी धरून हेच सुरू केलं. अख्ख्या देशात तेव्हा मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. दवाखान्याबाहेर एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि शेजारी ती बाई. शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्या बायका नाही का म्हणत, डोक्यातले विचार थांबत नाहीत! आजी सगळं ऐकून घेते, मग त्यातली एकच अडचण तिलाच निवडायला सांगते आणि त्यावर काय करता येईल ते दोघी मिळून ठरवतात. २०१६ साली ५७३ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना नैराश्याची लक्षणं होती, बाकावर बसलेल्यांत जेमतेम १४ टक्क्यांना. नव्या बाळंतिणींसाठी ही पद्धत कशी बसवायची, ते मी बघणार आहे.

मावशीला परत पाठवलं म्हणून तू अजून स्वतःला बोल लावतेस. नको गं लावूस. तिच्या वाट्याला जे बरे दोन महिने आले, ते तुझ्याजवळचेच होते.

माझी काळजी करू नका. हरारे महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे, हवा छान, शहरात मलेरियाची भीती फारशी नाही. तिथे मक्याच्या पिठाचा घट्ट साडझा आणि पालेभाजी खातात, म्हणजे माझं पोट बिघडायचं नाही. गोडा मसाला आणि मेतकूट नेणारच आहे. वेळेत फरक फक्त साडेतीन तासांचा. तुमच्या रात्रीच्या नऊला माझे साडेपाच वाजलेले असतील, रोज फोन करीन. एक खरं सांगू? ताप आला की मला अजून तुझाच हात कपाळावर लागतो.

आता ऐका. बाबांनी स्कूटर दादाच्या ताब्यात द्यायची, उद्या नाही, आजच. पायांना जखम आहे का ते रोज रात्री उजेडात बघायचं. अनवाणी घाटावर जायचं नाही. आई, मोतीबिंदूची तारीख मी घेऊन ठेवली आहे, ती पुढे ढकलायची नाही. त्या आठवड्यात मी वाईतच असेन. न्हाणीघरातली चटई गुंडाळून ठेवली असेल तर परत अंथर. शेजारच्या काकूंकडे एक किल्ली देऊन ठेवा.

आणि ते सूप टाकून देऊ नकोस. त्याची कड उसवली आहे, मी आले की बुरुडाकडून बांधून आणते.

तुमची,
चिमी