पदच्छेद, जरी-तरी आणि ४५ मिनिटं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. चिनी वाचनाबद्दल चार पानं भरून तक्रारी केल्यास, पण त्यातलं एकच वाक्य मी दोनदा वाचलं: "अक्षरं सगळी ओळखीची असतात, वाक्य मात्र अनोळखी निघतं." लेका, या एका वाक्यासाठी बाकीची पानं माफ. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या पाचव्या पातळीला मी पहिल्यांदा बसलो तेव्हा माझंही अगदी हेच झालं होतं, फक्त मला ते इतकं नेमकं सांगता येत नव्हतं. मी आपला "शब्द कमी पडतात" असं म्हणत बसलो आणि २५०० शब्दांची यादी पुन्हा पहिल्यापासून घोकायला घेतली. चार महिने त्यात गेले.

शब्द कमी पडतच नव्हते. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते दिसत नव्हतं. चिनी लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, हे आपल्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात. आपण मान डोलावतो आणि पुढे वर्षभर एकेक अक्षर चघळत बसतो. मोडी वाचायला बसलेल्या नवख्या माणसाची गत आठव. अक्षर लागतं, पण शब्द तुटत नाही. मग मला संस्कृतच्या तासाचा पदच्छेद आठवला. रोज एक उतारा घ्यायचा, पेन्सिल घ्यायची आणि अर्थाची फिकीर न करता शब्द संपेल तिथे नुसत्या उभ्या रेघा मारायच्या. पहिल्या दिवशी एका लहानशा उताऱ्याला वीस मिनिटं लागली आणि निम्म्या रेघा चुकल्या. महिन्याभराने मात्र रेघा मारायची गरज उरली नाही, डोळ्यांना त्या आपोआप दिसू लागल्या.

रेघ चुकली की काय होतं, त्याचा चिनी लोकांचाच एक लाडका विनोद आहे. नानजिंगला यांगत्से नदीवर १९६८ साली वाहतुकीला खुला झालेला मोठा पूल आहे. शहराच्या नावासकट त्याचं नाव सात अक्षरांत मावतं. नीट तोडलं तर 'नानजिंग-शी, छांगज्यांग, दा-छ्याओ', म्हणजे नानजिंग शहराचा यांगत्सेवरचा मोठा पूल. आता पहिली रेघ एक अक्षर अलीकडे घे. चौथ्या अक्षराचा उच्चार 'छांग'ऐवजी 'झांग' होतो आणि हाती काय येतं? 'नानजिंग, शीझांग, ज्यांग दाछ्याओ', म्हणजे नानजिंगचे महापौर श्रीयुत ज्यांग दाछ्याओ! पूल गेला आणि महापौर आले. तुझी अनोळखी निघणारी निम्मी वाक्यं म्हणजे असेच महापौर असणार, बघ.

दुसरी गोष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपण चिनी शिकलो ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून. पुस्तकातल्या टिपा इंग्रजीत, शब्दांचे अर्थ इंग्रजीत. त्यामुळे वाचतानाही डोक्यात चिनीचं इंग्रजी होतं आणि मग त्याचं मराठी. हा मधला दलाल हाकल. 'त्सुओथ्यान माय-द शू' हेच घे. अक्षरशः 'काल घेतलेलं पुस्तक', क्रमसुद्धा तोच! इंग्रजीत पुस्तक आधी येतं आणि त्याची कथा मागून, म्हणून मी प्रत्येक वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊन पुन्हा उलटा फिरायचो. तू मात्र 'द' दिसला की '-लेला' किंवा '-णारा' दिसला असं समज आणि पुढच्या नामाची वाट बघत सरळ चालत राहा. "तिच्या मोठ्या भावाने वाढदिवसाला दिलेलं पुस्तक" वाचताना तू कधी मागे वळतोस का?

तसंच 'स्वेइरान… दानशी'. हे आपलं 'जरी… तरी'. 'रूग्वो… ज्यू' म्हणजे 'जर… तर'. इंग्रजीत यातला एकच शब्द पुरतो, आपल्याला आणि चिन्यांना बहुधा जोडी लागते. त्यामुळे 'स्वेइरान' दिसलं की पुढे 'तरी' येणार हे तुला आधीच कळलेलं असतं, आणि लेखकाला जे म्हणायचंय ते त्या 'तरी'नंतरच असतं. चौथ्या पातळीत तीन तुकडे क्रमाने लावायचे प्रश्न होते, आठवतात? तिथे 'दानशी'ने सुरू होणारा तुकडा पहिला असूच शकत नाही, एवढ्यावर माझे निम्मे सुटायचे. कर्माआधी येणाऱ्या 'बा'ला तर आपण उगीच घाबरलो. 'वो बा मन ग्वान-ल' म्हणजे 'मी दार बंद केलं', कर्म क्रियापदाच्या आधी, आपल्यासारखंच.

मराठी दगा कुठे देते तेही सांगतो. आपण "आली, बसली, निघून गेली" म्हटलं की कोणी बाई आहे हे क्रियापदच सांगतं. चिनी क्रियापद हू की चू करत नाही आणि कर्ता तर पहिल्या वाक्यातच सांगून मोकळे होतात. लांब उताऱ्यात तीन माणसं असली की समासात 'कोण?' असं लिहीत जा.

अडलेल्या शब्दासाठी लगेच मोबाईलमधला शब्दकोश उघडू नकोस, मला ती खोड फार महागात पडली. अक्षराकडे बघ. 'छिंग' उच्चाराचं एक अंग घे. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन ठिपके आले तर निर्मळ, बोलण्याची खूण आली तर विनंती, हृदयाची आली तर भावना, सूर्य आला तर निरभ्र. एक अंग उच्चार सांगतं, दुसरं विषय सांगतं. परीक्षेत तेवढा अंदाज पुष्कळ होतो.

आता माझी फजिती. पाचव्या पातळीला वाचनाचे ४५ प्रश्न आणि मिनिटंही ४५. श्रवणाच्या भागानंतर उत्तरपत्रिकेवर खुणा करायला ५ मिनिटं वेगळी मिळतात. मी गृहीत धरलं, वाचनानंतरही मिळतील. म्हणून उत्तरं प्रश्नपत्रिकेवरच लिहीत गेलो, आणि वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा शेवटचे ९ गोल कोरे होते, उत्तरं शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेली! वाचनाला तशी सवलत नसते. सूचना माझ्या समोरच छापलेल्या होत्या, त्या मी वाचल्या नाहीत. वाचनाच्या परीक्षेत. हस, हस.

दुसऱ्या खेपेला मी शेवटापासून सुरुवात केली. शेवटचे २० प्रश्न लांब उताऱ्यांवरचे. एक उतारा नीट लागला की चार उत्तरं एकदम पदरात. रिकाम्या जागा भरायचे १५ प्रश्न शेवटी ठेवले, कारण तिथे येतं ते झटकन येतं, नाही ते बसून राहिलं तरी येत नाही. चुकलेल्याचे गुण कापत नाहीत, तेव्हा गोल कोरा ठेवून उठू नकोस.

सापळे दोनच सांगतो. 'छादिआर' म्हणजे 'जवळजवळ'. 'छादिआर पडलो' म्हणजे पडता पडता वाचलो. आणि त्यातच 'नाही' घालून 'छादिआर नाही पडलो'? तरीही पडता पडता वाचलोच! नकार दिसला म्हणून अर्थ उलटा करायला गेलास की फसलास. दुसरा सापळा आकड्यांचा. त्यांचा 'वान' दहा हजारांचा आणि 'यी' दहा कोटींचा. १४ यी म्हणजे १४० कोटी. इथे मिलियन-बिलियन मध्ये आणू नकोस, कोटीत मोज.

सरावासाठी एक जुना प्रकार पाठवतो, त्यात विरामचिन्हं नाहीत: 'श्या यू थ्यान ल्यौ ख थ्यान ल्यौ वो बू ल्यौ.' दहा अक्षरं, सगळी तुझ्या ओळखीची: पडणं, पाऊस, आकाश किंवा दिवस, ठेवून घेणं, पाहुणा, मी, नाही. पावसात अडकलेल्या पाहुण्याला कटवायला यजमानाने ती लिहून ठेवली. पाहुण्याने आपल्या सोयीने विरामचिन्हं घातली आणि निवांत मुक्काम ठोकला. दोघांच्या रेघा कुठे कुठे पडल्या असतील? पेन्सिल घे आणि दोन्ही पदच्छेद मला उलट टपाली पाठव. शब्दकोश उघडलास तर तुझ्या रेघांवरून मला कळेल.

तुझाच,
नऊ गोल कोरे ठेवणारा मित्र