टीएमटी नॉर्मल आली तरी

फोंडा, गोवा

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "ईसीजी नॉर्मल, पट्ट्यावर चालून दिलेली टीएमटी नॉर्मल, इकोत पंपिंग चांगलं, मग ऑपरेशन कशाला?" तुझ्या मागे हॉस्टेलचा गोंगाट, इकडे आजी फोन मागतेय, धड बोलणं झालंच नाही. म्हणून लिहिते. माझी नोकरी सीटी स्कॅनच्या कन्सोलवरची, तेव्हा हे तुला मीच समजावलेलं बरं.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या दोन. महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या अगदी वर, तीन फुगवटे असतात. डाव्यातून डावी कोरोनरी निघते, उजव्यातून उजवी, तिसरा रिकामा. तुझ्या दोन्ही उजव्यातूनच निघाल्या आहेत. पोटात असतानाच त्या तशा घडल्या. तुझ्या खाण्यापिण्याचा, सरावाचा, जागरणांचा यात काही संबंध नाही. आजीला हे किती समजावलं, तरी ती म्हार्दोळला जाऊन म्हाळसेला नवस बोलून आली. तिच्या जिवाला तेवढाच आधार.

आता, उगम चुकला एवढ्यावरून कुणी छाती उघडत नाही. शंभरात एखाद्याच्या कोरोनरीत जन्मतः काही ना काही वेगळं असतं आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. प्रश्न असतो वाटेचा. उजव्या बाजूला निघालेल्या डाव्या धमनीला डावीकडे पोचायला चार वाटा आहेत: फुफ्फुसधमनीच्या पुढून, महाधमनीच्या मागून, खाली उतरून स्नायूच्या पडद्यातून, नाहीतर महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांच्या मधून. पहिल्या तीन सहसा त्रास देत नाहीत. चौथी जीव घेऊ शकते. तुझी चौथी आहे.

पूर्वी ही वाट कॅथेटर घालून केलेल्या अँजिओग्राफीवरून ताडावी लागे. तिच्यात धमनी दिसते, पण सपाट. ती कुणाच्या पुढून गेली नि कुणाच्या मागून, हे वळणांवरून ओळखायचं, आणि त्यात जाणकारही फसत. सीटीत शेजारच्या सगळ्या रचना एकत्र दिसतात, हवा तिथे छेद घेता येतो. फक्त धडधडतं हृदय स्थिर दिसायला हवं. म्हणून तुला आधी मेटोप्रोलॉल देऊन बसवून ठेवलं, नाडी साठच्या खाली आल्यावरच टेबलावर घेतलं. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिलं ते धमन्या रुंद व्हाव्यात म्हणून. सीटीसाठी नसेतून डाय गेल्यावर अंगभर ऊन ऊन वाटलं म्हणालास, ते सगळ्यांनाच वाटतं.

आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी त्या धमनीचे आडवे छेद काढले, तेव्हा मी शेजारीच होते. पुढे गेलेली धमनी गोल आहे, तिच्याभोवती चरबीची काळी कड स्वच्छ दिसते. पण सुरुवातीच्या टप्प्यात ती चपटी आहे आणि भोवती चरबी नाहीच. म्हणजे तेवढा भाग महाधमनीच्या भिंतीच्या आतून जातो. तोंडही गोल नाही, शर्टाच्या काजासारखं चिरलेलं आहे. रिपोर्टमध्ये 'इंटरआर्टेरियल' (दोन धमन्यांच्या मधून) आणि 'इंट्राम्युरल' (भिंतीच्या आतून) असे दोन शब्द आहेत. माझी झोप उडाली ती दुसऱ्यामुळे.

बसलेला असताना त्या फटीतून पुरेसं रक्त जातं. धावताना महाधमनी ताणते, भिंतीतला भाग आणखी दबतो, आणि नाडी वाढल्यामुळे दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो. डाव्या कप्प्याच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते त्याच वेळात. पण हे दर वेळी घडत नाही, आणि टीएमटी फसते ती इथेच. पट्ट्यावर चाललास त्या दिवशी नाही घडलं, एवढंच ती सांगते. क्रिस्टिना बासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली इटली आणि अमेरिकेतल्या 27 तरुण खेळाडूंचा अभ्यास मांडला. सगळे अचानक गेलेले, सगळ्यांच्या कोरोनरीचा उगम चुकीच्या फुगवट्यात, त्यातल्या 23 जणांची तुझ्यासारखी डावी. त्यांपैकी ज्या नऊ जणांचा ईसीजी आधी काढलेला होता, ते नऊही नॉर्मल. सहा जणांची स्ट्रेस टेस्ट, म्हणजे टीएमटीसारखीच तपासणी, झाली होती, त्या सहाही नॉर्मल. बाबू, हे वाचून मी किती वेळ नुसती बसून होते.

तू मैदानावर कोसळलास तेव्हा एका डॉक्टरांनी "ऊन लागलंय, पाणी पी" म्हणून परत पाठवलं. त्याचा राग मला अजून आहे. फार वेळ उभं राहून आलेली घेरी वेगळी आणि ऐन धावण्यात आलेली घेरी वेगळी. दुसरीत हृदय तपासल्याशिवाय कुणाला घरी पाठवू नये.

ऑपरेशन लहान नाही, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. छाती उघडतात, हार्ट-लंग मशीनवर घेतात. मग महाधमनीच्या आतून, भिंतीतल्या त्या भागावरचा पडदा कापून काढतात. अनरूफिंग म्हणतात त्याला. तोंड रुंद होतं आणि डाव्या फुगवट्यात, म्हणजे असायला हवं तिथे येतं. सर्जनना एक नक्की विचार: भिंतीतला भाग झडपेच्या पाकळ्या जुळतात त्या जागेच्या वरून जातो की खालून? खालून जात असेल तर झडपेला धक्का न लावता कसं करणार, ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला.

फुटबॉल संपला असं धरून चालू नकोस. सगळं नीट झालं, पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या, तर साधारण तीन महिन्यांनंतर खेळाचा विचार करतात. तुला खेळताना बघायचं म्हणूनच मी ऑपरेशनच्या मागे लागले आहे. तोवर मात्र मैदान बंद, जिमही बंद. "हळूहळू धावतो" हेसुद्धा नको. रूममेटला सगळं सांगून ठेव. लाजू नकोस.

ताईचा इको बांबोळीच्या हॉस्पिटलात व्हायचा आहे. तिला काही त्रास नाही, तरी दोन्ही धमन्यांची तोंडं बघून घेऊ.

बाबा शनिवारच्या बसने निघतील. त्यांच्याकडे सीडी देते. सर्जनना रिपोर्टचा कागद दाखवून थांबू नकोस, सीडीतल्या इमेजेस त्यांनी स्वतः उघडून बघायला हव्यात. आणि तारीख मिळते म्हणाले तर "परीक्षेनंतर" म्हणू नकोस. कॉलेजशी मी बोलते.

तुझी,
आई