दोराचे वळ

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास की एडवर्ड बेलामी या अमेरिकन कादंबरीकारानं १८८८ सालीच क्रेडिट कार्ड लिहून ठेवलं होतं, आणि तेवढ्यावर त्याला द्रष्टा ठरवून मोकळा झालास. तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं. त्याची ती कादंबरी, 'लुकिंग बॅकवर्ड', माझ्या फार जवळचं पुस्तक आहे, आणि त्याचं मोठेपण कुणी त्या कार्डात शोधलं की मला खरंच वाईट वाटतं.

आधी कार्डाचंच बघू. कादंबरीचा नायक १८८७ मध्ये झोपतो आणि थेट २००० सालच्या बोस्टनमध्ये जागा होतो. तिथे वर्षाच्या सुरुवातीला देशाच्या उत्पन्नातला सारखा वाटा प्रत्येकाच्या नावावर जमा होतो. त्याचं एक पुठ्ठ्याचं कार्ड मिळतं. सरकारी भांडारातून काही घेतलं की त्या किमतीएवढा भाग कारकून कार्डातून छिद्र पाडून वजा करतो. उधारी नाही, व्याज नाही, सावकार तर नाहीच. डॉक्टर असो, खाणकामगार असो की अंथरुणाला खिळलेला माणूस असो, वाटा तेवढाच. हा हक्क कशाच्या जोरावर, असं नायक विचारतो तेव्हा नव्या काळातले त्याचे यजमान डॉ. लीट त्याला सांगतात, तो माणूस आहे म्हणून. आता तुझ्या पाकिटातलं कार्ड बघ. आपलाच पुढचा पगार बँक आपल्याला व्याजानं वापरायला देते. बेलामीला जे मोडून काढायचं होतं, नेमकं त्याचंच हे कार्ड आहे.

तू पहिलं प्रकरण नीट वाच. आपल्या काळचा समाज कसा होता हे सांगताना नायक ज्युलियन वेस्ट एका प्रचंड गाडीचं वर्णन करतो. असंख्य माणसं दोराला जुंपलेली आहेत आणि रेताड, चढणीच्या रस्त्यावरून ती गाडी ओढताहेत. हाकणारी आहे भूक. वर मोजकी माणसं वारा खात बसली आहेत. ती दुष्ट नाहीत, हे बेलामी फार बारकाईनं दाखवतो. चढ कठीण आला की ती खालच्यांची कीव करतात, धीर धरा म्हणतात, परलोकात भरपाई मिळेल असं सांगतात, जखमींच्या मलमासाठी वर्गणीही काढतात. खाली मात्र कुणी उतरत नाही. धक्का बसून एखादा आसनावरून पडला, तर त्याला तत्काळ दोर धरावा लागतो. आणि नुकतेच वर चढलेले लोक? हातावरचे दोराचे वळ अजून गेलेले नसतात, तोवर त्यांनाही वाटायला लागतं की आपण वेगळ्याच मातीचे. सुहास, हे वाक्य मी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आपण दोघंही पहिल्या पिढीतले पगारदार. आपल्या वडिलांचे हात तुला आठवत असतील.

बेलामी वाढला मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्स या गिरणगावात. तो लिहीत होता तेव्हा अमेरिकेत संपांचा धडाका सुरू होता. शिकागोच्या हेमार्केटमध्ये कामगारांच्या सभेत झालेला बॉम्बस्फोट १८८६ सालचा. ज्युलियनचं लग्नसुद्धा संपामुळेच अडलेलं आहे. गवंडी, सुतार काम बंद करतात, नवं घर पुरं होत नाही, आणि साहेब कामगारांवर चिडलेले! निद्रानाशावर संमोहनाचा उपचार घेऊन तो तळघरात झोपतो, तो ११३ वर्षांनीच उठतो. नव्या बोस्टनमध्ये तारेवरून घरोघर संगीत ऐकू येतं, पावसात सगळ्या फुटपाथांवर एकच छत पसरतं. हे गमतीचं आहे, पण मला त्यात फारसं अडकावंसं वाटत नाही.

शेवटाकडे नायकाला स्वप्न पडतं की आपण परत १८८७ मध्ये आलो. दुकानांच्या झगमगाटातून, मग गरिबांच्या वस्तीतून तो भटकतो आणि होणाऱ्या बायकोच्या घरी भरल्या पंगतीत येऊन पोचतो. जे पाहिलं ते कळवळून सांगायला लागतो. पाहुण्यांना आधी किळस येते, मग संताप, आणि शेवटी मुलीचा बाप ओरडतो, याला बाहेर काढा. ती सगळी सुसंस्कृत, प्रेमळ माणसं आहेत, म्हणूनच तो प्रसंग इतका लागतो.

म्हणून सगळंच मला पटतं असं नाही. एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत प्रत्येकानं 'औद्योगिक सेने'त राबायचं, वर सेनापती आणि हुद्दे. या शिस्तीत माझा तरी जीव गुदमरतो. दुसरी गोष्ट त्याहून खटकते. ज्युलियनचा कृष्णवर्णीय नोकर सॉयर सुरुवातीला भेटतो आणि घराला लागलेल्या आगीबरोबर गोष्टीतून पुसला जातो. सुखी बोस्टनमध्ये त्याच्या लोकांची चौकशीही कुणी करत नाही. गुलामगिरी संपून पंचवीस वर्षंही झाली नव्हती, रे! त्यानंतर सटन ग्रिग्ज या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकानं १८९९ मध्ये 'इम्पेरियम इन इम्पेरिओ' लिहिली. तिच्यात टेक्सासमधल्या वेको इथे कृष्णवर्णीयांचं एक गुप्त राज्य उभं आहे आणि दोन जिवलग मित्रांपुढे प्रश्न आहे, याच देशात हक्क मागायचे की शस्त्र उचलून वेगळं व्हायचं. बेलामीनंतर लगेच ही वाच. एकाला न दिसलेलं दुसऱ्यानं केवढ्या वेदनेनं लिहिलंय ते कळेल.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मी गेला आठवडा हरखून गेलोय. एडवर्ड एव्हरेट हेल हा बोस्टनचाच धर्मगुरू. त्याच्या 'द ब्रिक मून' या १८६९ च्या कथेत खलाशांना रेखांश कळावेत म्हणून विटांचा एक चंद्र आकाशात सोडायचं ठरतं. लोखंड हवेच्या घर्षणानं वितळेल म्हणून विटा! कृत्रिम उपग्रहाची ही पहिली कथा मानतात. चंद्र वेळेआधीच सुटतो, आत कामगारांची कुटुंबं असतानाच, आणि ती माणसं वर उड्या मारून मोर्सच्या लिपीत पृथ्वीला खुशाली कळवतात. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे पुरवण्याचं वचन घेऊन, तिचा अध्यक्ष हाच हेल! त्या पैशातून १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत पंडिता रमाबाईंचं शारदा सदन उघडलं. बेलामीची कादंबरी बाजारात आली ती या स्थापनेनंतरच्याच महिन्यात. एकाच शहरात कुणी नव्या जगाची कादंबरी छापत होतं आणि आपली रमाबाई नव्या जगासाठी वर्गणी जमवत होती.

रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' माझ्याकडे आहे; बेलामीबरोबर तेही पाठवतो. दिवाळीत येशील तेव्हा दोन्ही वाचून ये, आणि त्या सेनेबद्दल तुझं काय म्हणणं आहे ते मला सांग. तू कामगार संघटनेत इतकी वर्षं काढलीस; शिस्त आणि समता एकत्र नांदतात का, हे तू माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलं आहेस.

वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
श्रीपाद