आधी चार प्रती बाजूला काढ

नागपूर

प्रिय प्रकाश,
सप्रेम नमस्कार.

काकांनी जमवलेल्या दंडारीच्या, म्हणजे आपल्या झाडीपट्टीतल्या लोकनाट्याच्या, गाण्यांचं पुस्तक पोचलं. किती वर्षं त्या वह्या ट्रंकेत होत्या! तू पदरचे पैसे घालून त्या छापल्यास, याचा मला फार अभिमान वाटतो.

प्रती मंडईत, दिवाळीनंतरच्या आपल्या जत्रेत, वाटून टाकणार म्हणतोस. जरूर वाट, पण आधी चार प्रती बाजूला काढ. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांत, स्वखर्चाने, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. या पुस्तकाचा प्रकाशक तूच आहेस.

कोलकात्याची प्रत सर्वांत चांगल्या कागदावरची, शिवलेली, चित्रं-नकाशांसह पूर्ण हवी, असं कायदाच सांगतो. म्हणजे घरच्यांसाठी केलेल्या जाड कागदाच्या प्रतींतली एक तिकडे जाऊ दे. आणि काकांनी हाताने काढलेला गावांचा नकाशा तू सुटाच घातला आहेस, तो आत शिवून घे. कोणतं गाणं कुठल्या गावचं, हे त्याच्याशिवाय कळणार नाही.

आपली वाचनालयं वाचकांना हवी ती पुस्तकं घेतात, जीर्ण झाली की काढून टाकतात. त्यांचा इलाज नाही. राष्ट्रीय ग्रंथालयाचं काम वेगळं. तिथे आवडनिवड नाही; देशात छापलेलं सगळं, पुढच्या पिढ्यांसाठी. १९०३ मध्ये कर्झनने उघडलेलं इंपीरियल ग्रंथालय स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय झालं, आणि १९५३ मध्ये मौलाना आझादांनी ते कोलकात्यातल्या अलीपूरच्या बेल्व्हेडिअर हवेलीमध्ये लोकांना खुलं केलं. तिथे मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. या कायद्याखाली आलेल्या प्रतींवरूनच भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची तयार होते. पण प्रत पोचलीच नाही तर ते तरी काय जपणार? पुण्या-मुंबईचे मोठे प्रकाशक पाठवतात. साकोलीसारख्या ठिकाणी स्वतःच्या खर्चाने छापणाऱ्याला हा कायदा कुणी सांगतच नाही, आणि पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीचं नेमकं तेवढंच निसटतं.

महानुभावांच्या पोथ्या टिकल्या, कारण मठामठांतून त्यांच्या नकला होत राहिल्या. एक गेली तरी दुसरी कुठेतरी होतीच. आपल्याकडचं ऊन आणि वाळवी बघता, काकांची गाणी चार शहरांत असलेली बरी.

झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयासाठीही एक दे, ती मी नेऊन देईन. पार्सलं स्पीड पोस्टानेच कर आणि पावत्या जपून ठेव. चारही पत्ते सोबतच्या कागदावर लिहिले आहेत.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक