आधी अंदाज सांग, मग पाटीला हात लाव

संपादक महोदय,

शिक्षक दिनाच्या निमित्ताने तुमच्या अंकात दरवर्षी शिक्षकांवर लिहून येतं. यंदा मलाही राहवलं नाही.

मी अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या पाणलोटातल्या एका गावची. पेशाने परिचारिका, नोकरीचं हे शेवटचं वर्ष. आमच्याकडे भाताची आवणी लागली की शाळा ओस पडायची, कारण घरातला प्रत्येक हात खाचरात हवा असायचा. १९७८ साली मी चौथीत होते. तेव्हा आमचे गुरुजी संध्याकाळी डोक्यावर इरलं घेऊन बांधावर यायचे. वडिलांना कधी बोल लावला नाही. फक्त म्हणायचे, "हात चालू दे पोरी, दीडकी म्हण." मी चिखलात वाकून रोपं लावता लावता दीडकी म्हणजे दीडाचा पाढा म्हणायची, मग सवायकी (सव्वाचा), मग पावकी (पावाचा). शिष्यवृत्तीच्या परीक्षेआधी तर आम्ही आपापला कंदील घेऊन शाळेतच झोपायला जायचो. गुरुजी गावातच राहत, त्यामुळे रात्री दहालाही गणित अडलं तरी ते होतेच.

त्यांची एक शिस्त होती. गणित फळ्यावर आलं की लगेच पाटीला हात लावायचा नाही. उत्तर साधारण कितीच्या घरात येईल ते आधी तोंडाने सांगायचं. चुकलं तर रागवत नसत, "तसं का वाटलं?" एवढंच विचारत. हा प्रश्न मला फार आवडायचा.

मागच्या पावसाळ्यात रात्रपाळीला तापाने फणफणलेलं नऊ किलोचं लेकरू दाखल झालं. डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे पॅरासिटामॉल लिहिलेलं. शिकाऊ मुलीने मोबाइलवर हिशेब केला आणि मला आकडा दाखवला, १३५०. माझ्या डोक्यात तोवर नऊ दीड साडेतेरा होऊन गेलं होतं, त्याची दहापट म्हणजे १३५. एक शून्य जास्त पडलं होतं. नऊ किलोच्या जिवाला मोठ्या माणसाच्या जवळजवळ तीन गोळ्यांएवढं औषध! पोरगी रडायला लागली. तिला जवळ बसवून मी तेच सांगितलं, आधी अंदाज, मग मोबाइल. आता आमच्या वॉर्डात नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी मी तिच्याकडून दीडकी पाठ करून घेते.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी भाची. ती जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. मुलांवर तिचा जीव आहे, पण पोषण आहाराची माहिती भर, अमुक ॲपवर फोटो टाक, तमुक अहवाल आजच्या आज पाठव, यात तिची दुपार जाते. दुसऱ्या बाई बैठकीला गेल्या की चारही वर्ग तिच्या एकटीच्या गळ्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. पण ॲप आणि अहवाल म्हणजे शाळेचंच काम, असं वरून सांगितलं जातं. ज्यांनी हे ठरवलं, त्यांनी एक आठवडा त्या वर्गात बसून बघावं. "तसं का वाटलं?" हे चाळीस मुलांना विचारायला वेळ लागतो. तो वेळ माझ्या भाचीला द्या, एवढीच शिक्षण खात्याकडे कळकळीची विनंती आहे.

गुरुजी आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं. त्या रात्रीची हकीकत मी त्यांना फोनवर मोठ्याने ओरडून सांगितली. शाबासकी वगैरे काही नाही. म्हणाले, "लेकराचं वजन किती म्हणालीस?" मी म्हटलं, नऊ. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग हळू आवाजात, "साडेतेरा... १३५. बरोबर आहे."

– एक परिचारिका, अकोले (जि. अहिल्यानगर)