रोबोटिक्सच्या संघांना तुमची संध्याकाळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांच्या बातमीत ट्रॉफीचा फोटो असतो, प्रायोजकाचं नाव असतं. वर्षभर संध्याकाळी मुलांबरोबर उभी राहणारी माणसं त्यात क्वचितच दिसतात. अशाच एका संघाला मी इलेक्ट्रिकलच्या कामात मदत करतो, म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षी आमचा रोबोट भर सामन्यात दोनदा बंद पडला. मुलं प्रोग्राममधली चूक शोधत बसली. माझे हात शिवशिवत होते, पण एवढंच विचारलं, "मोटर फिरताना मीटर लावलात का?" नववीतल्या मुलीनं लावला. चारही मोटर एकदम फिरल्या की कंट्रोलरपाशी १२ व्होल्टचे सात होत होते. बॅटरीच्या टोकांवर मात्र फारशी घट नव्हती. म्हणजे गडबड मधेच कुठेतरी. तिनं एकेक वायर ओढून पाहिली आणि टर्मिनलचा सैल बोल्ट तिला सापडला. आज तीच मुलगी प्रत्येक सामन्याआधी धाकट्यांकडून सगळे बोल्ट तपासून घेते. पाना मी हातात घेतला असता, तर हे झालं नसतं.

अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली; ती विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धा भरवते. १९९२ च्या पहिल्या स्पर्धेत २८ संघ होते. तिथे मुलांसोबत अनुभवी इंजिनिअर असावेत हा विचार पहिल्यापासूनचा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे दिवंगत प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांच्या नावाचा पुरस्कार तर मार्गदर्शकांसाठीच असतो, आणि त्यासाठी नाव विद्यार्थी सुचवतात! तिथला सर्वांत मानाचा 'इम्पॅक्ट' पुरस्कारही मैदानातल्या गुणांवर मिळत नाही. संघानं आपल्या परिसरात काय काम उभं केलं, ते पाहतात.

प्रायोजकांचे पैसे लागतातच. पण दरवर्षी मोठी मुलं शाळा सोडून जातात आणि शिकलेलं त्यांच्याबरोबर जातं. ते टिकवायला वर्षानुवर्षं येणारी माणसं लागतात. वर्कशॉपवाल्यांनी आठवड्यातून दोन तास लेथ मोकळं ठेवावं, उरलेले ॲल्युमिनियमचे तुकडे द्यावेत. हिशेब जाणणाऱ्यानं मुलांना खर्चाचं अंदाजपत्रक मांडायला शिकवावं. वाचनालयानं एक खोली द्यावी, तिथे हीच मुलं लहानांना शिकवतील. आमच्या संघातली निम्मी मुलं अशाच वर्गातून आली आहेत.

आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी निकाल छापताना संघाला मदत करायची असेल तर कोणाला भेटायचं, तेही दोन ओळींत छापावं.

आपला,
एक मार्गदर्शक